मनोरा गेला, मनोरा आला

विहीर पाण्याची असो, मिठाची असो की तेलाची, तिच्या तोंडावर काहीतरी उभे करावेच लागते. आपल्याकडे मोट होती तेव्हा दोन खांब, त्यांच्यामध्ये चाक, चाकावरून नाडा आणि धावेवर बैलजोडी असा थाट असे. पाणी बैल ओढत, पण भरल्या मोटेचा भार त्या दोन खांबांवर येई. खांब खचला की बैल कितीही तगडे असोत, उपयोग शून्य. तेलाच्या धंद्यातल्या एका फारशा न मिरवणाऱ्या वस्तूचा मागोवा घेताना हे खांब मनातून जात नाहीत. ती वस्तू म्हणजे कॉइल्ड ट्युबिंगच्या कामात इंजेक्टर, म्हणजे नळी विहिरीत ढकलणारे यंत्र, उचलून धरणारी पोलादी चौकट.

कॉइल्ड ट्युबिंग म्हणजे रिळावर गुंडाळलेली, कित्येक किलोमीटर लांब, अखंड पोलादी नळी. विहिरीत वाळू साचली, ॲसिड सोडायचे आहे, नायट्रोजन फुंकून तळातले पाणी हलके करून वर काढायचे आहे, अशा वेळी ही नळी चालू विहिरीत, दाबाखालीच उतरवतात. या नळीबद्दल बरेच लिहिले गेले आहे. ती ज्याच्या आधाराने उतरते त्याच्याबद्दल फार थोडे.

विहिरीवरच्या आधारांच्या या घराण्याची सर्वांत जुनी आणि देखणी शाखा चीनच्या सिचुआन प्रांतात, झिगाँगला सापडते. तिथे मिठाच्या पाण्यासाठी शतकानुशतके खोल विहिरी खणत. १८३५ साली शेनहाई नावाची विहीर १,००१ मीटरपर्यंत गेली, तीही वाफेच्या इंजिनाशिवाय. बांबूच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेला लांबच लांब दोर मोठ्या रहाटावर गुंडाळलेला असे, आणि रहाट रेडे फिरवत. विहिरीवर देवदारासारख्या झाडांचे सोट बांबूच्या दोरांनी बांधून उभारलेला मनोरा असे. त्याला ‘तियानचे’ म्हणत, म्हणजे आकाशगाडी. काही आकाशगाड्या शंभर मीटरहून उंच होत्या. अखंड, लवचिक, रिळावर गुंडाळता येणारी वस्तू आणि तिच्यासाठी विहिरीवर उभा केलेला आधार ही जोडी तिथे पूर्ण रूपात दिसते. आजचा कॉइल्ड ट्युबिंगचा संच झिगाँगच्या कारागिराला दाखवला असता, तर त्याने तो बघताक्षणी ओळखला असता असे मला वाटते.

पश्चिमेत या मनोऱ्याला जे नाव पडले, त्यामागे फाशीचा खांब आहे. १६०० च्या सुमारास लंडनमध्ये डेरिक आडनावाचा एक जल्लाद होता. त्याचे नाव आधी फाशीच्या खांबाला चिकटले, मग त्या आकाराच्या यारीला, आणि शेवटी तेलविहिरीवरच्या मनोऱ्याला. २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले, तेव्हा तिच्यावर लाकडी डेरिक होताच. पुढे खणायचे अवजार धरणाऱ्या दोराची जागा आट्यांनी जोडायच्या नळ्यांनी घेतली. एकेक नळी सुमारे नऊ मीटरची. वर काढताना तीन नळ्यांचा एक जोड तसाच उभा ठेवायचा, म्हणून सत्तावीस मीटरची जागा तर नुसती त्यालाच हवी. मनोरा उंच होत गेला तो या हिशेबाने.

मग दुसरे महायुद्ध आले. नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्त फौजांना इंधन हवे होते, आणि ते इंग्लिश खाडीच्या तळावरून नळीने पाठवायचे ठरले. या योजनेचे नाव प्लूटो. तिच्यातल्या एका प्रकारात तीन इंची पोलादी नळीचे तुकडे वितळजोडाने जोडून हजारो फूट लांबीची सलग नळी केली. हॅमिक आणि एलिस या दोन अभियंत्यांच्या नावांतली अक्षरे घेऊन तिला ‘हॅमेल’ म्हणू लागले. ही नळी गुंडाळण्यासाठी टोकांना शंकूचा आकार दिलेली, घराहून उंच तरंगती रिळे बनवली आणि ती टग बोटींनी ओढत समुद्रात नेली. पोलादी नळी गुंडाळता येते आणि उलगडून पुन्हा सरळ करता येते, एवढे १९४४ मध्ये सिद्ध झाले. मात्र तिला दाबाखालच्या भोकात ढकलायचे कसे, हे अजून कोणाला जमलेले नव्हते.

ते जमले एका वेगळ्याच कामातून. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत बोवेन टूल्स या कंपनीने पाण्याखालच्या पाणबुडीतून रेडिओचा ॲन्टेना पृष्ठभागापर्यंत सोडायचे यंत्र केले होते. प्लॅस्टिकचे आवरण चढवलेली ५/८ इंची पितळी नळी उलट्या दिशांनी फिरणाऱ्या दोन उभ्या साखळ्यांत धरायची आणि वर ढकलायची, अशी त्याची रचना. १९६२ साली बोवेन आणि कॅलिफोर्निया ऑइल कंपनीने हीच कल्पना उलटी केली. साखळ्या नळीला चिमटीत धरून खाली विहिरीत ढकलू लागल्या, आणि हवे तेव्हा वर ओढू लागल्या. हे इंजेक्टर हेड. पहिल्या संचाची नळी १.३१५ इंच व्यासाची होती, लांबी १५,००० फुटांपर्यंत, आणि इंजेक्टर ३०,००० पौंडांचा भार पेलेल असा.

मनोरा लागणार नाही, हेच या संचाचे मोठे आकर्षण होते. नळी अखंड म्हणजे जोड उघडायचे नाहीत, जोड उघडायचे नाहीत म्हणजे सत्तावीस मीटरची उंची नको. ट्रकवर रीळ आणायचे, इंजेक्टर विहिरीच्या तोंडावर ठेवायचा, काम करून निघायचे. त्या काळच्या माणसांना ही केवढी मोठी सुटका वाटली असेल!

पण इंजेक्टर ठेवायचा कशावर?

विहिरीच्या तोंडावर आधी झडपांचा वेल्हेड, त्यावर बीओपी, म्हणजे संकटात विहीर बंद करणारी झडप, त्यावर दाब धरणाऱ्या नळकांड्या, त्यावर नळीभोवती घट्ट बसणारा स्ट्रिपर आणि सगळ्यांच्या माथ्यावर काही टनांचा इंजेक्टर. इंजेक्टरच्याही वर गूजनेक. रिळावरून येणारी नळी या हंसाच्या मानेसारख्या कमानीवरून वळून खाली उतरते. रीळ नळीला सतत थोडे ताणून धरते, म्हणजे या उंच उतरंडीचा माथा सदैव एका बाजूला ओढला जातो. त्यात वारा. शिवाय इंजेक्टरवरचा भार एकाच दिशेचा नसतो. नळी वरच्या भागात असताना विहिरीचा दाब तिला बाहेर फेकू पाहतो, तेव्हा इंजेक्टर वर उचलला जातो. नळी खोल गेली की तिचे वजन त्याला खाली दाबते. हे सगळे वेल्हेडवर सोडले तर तिथल्या जोडणीला वाक बसतो. आणि ती जोडणी म्हणजे खालचा दाब आणि वरची माणसे यांच्यामधली एकमेव भिंत.

सुरुवातीचे उपाय साधे होते. लहान संचाला चार सरकते पाय लावायचे, किंवा क्रेनच्या हुकाने इंजेक्टर वरून धरायचा आणि चारी बाजूंनी साखळ्यांचे ताण द्यायचे. क्रेन वजन पेलते, पण बाजूच्या ओढीला तिच्याकडे उत्तर नाही. ती शेवटी दोरानेच धरते, आणि दोराला कोणी टेकू म्हणत नाही. शिवाय काम चालू असेपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, क्रेन तिथेच अडकून पडते. अवजार बदलताना इंजेक्टर हुकावर लोंबत असतो आणि त्याच्या तोंडाशी नळीचे टोक धरून माणसे उभी असतात. लोंबत्या ओझ्याखाली उभे राहू नये, हा उचलण्याच्या कामातला पहिला धडा. नव्या संचाने मनोरा काढून टाकला आणि हा धडा पाळणे अवघड करून ठेवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीचा प्रश्नही संपलेला नव्हता. चालू विहिरीत अवजार घालायचे तर ते पूर्ण लांबीचे दाबबंद नळकांड्यात आधी बसले पाहिजे, मगच खालची झडप उघडता येते. अवजार दहा मीटरचे असेल तर नळकांडेही तेवढे हवे, आणि इंजेक्टर त्याच्या वर. अवजारे लांबत गेली तसा इंजेक्टर वर वर चढत गेला.

नळीही जाड होत गेली. एक इंची, सुमारे सव्वादोन मिलिमीटर जाडीची ४,५०० मीटर नळी साडेपाच-सहा टनांत बसते. दोन इंची, चार मिलिमीटर जाडीची तेवढीच नळी वीस टनांच्या वर जाते, आणि यात रिळाचे वजन धरलेले नाही. १९९० च्या आसपास दोन इंची नळी आली, मग तिच्याहून मोठ्या मापांच्या. १९९१ मध्ये पॅरिसच्या खोऱ्यात आणि टेक्ससमध्ये या नळीने चक्क खणायलाही सुरुवात झाली. तिथे क्रेनचा हूक आणि चार पाय पुरेनात. अलास्काच्या प्रूडो बेला, जिथे हिवाळ्यात क्रेन दिवसरात्र उभी ठेवणे म्हणजे शिक्षाच, आणि कॅनडाच्या अल्बर्टात उथळ वायूविहिरींवर, मास्ट असलेले संच उभे राहिले. मास्ट म्हणजे ट्रेलरवरून आडवा आणून जागेवर उभा करायचा बुटका मनोरा. इंजेक्टर त्यात बसलेलाच येतो. निरोप दिलेला मनोरा तीसेक वर्षांनी ठेंगणा होऊन परत आला तो असा.

या घराण्याची सर्वांत अवघड शाखा तरंगत्या जहाजांवर वाढली, आणि मला तीच सर्वांत बुद्धिमान वाटते. खोल समुद्रात वेल्हेड तळावर असतो. तिथून रायझर नावाची जाड नळी जहाजापर्यंत येते. रायझर तळाला घट्ट, जहाज लाटेवर. मग रायझरच्या माथ्यावरचा इंजेक्टर कोणाशी बांधायचा? जहाजाशी बांधला तर पहिल्या मोठ्या लाटेला रायझर तुटेल किंवा वाकेल. म्हणून एक उंच पोलादी चौकट केली, लिफ्ट फ्रेम. ती डेरिकच्या हुकाला लांब दुव्यांनी टांगतात आणि तिचा तळ रायझरच्या माथ्याला जोडतात. रायझर ताठ ठेवणारी ओढ चौकटीच्या दोन बाजूंतून वर हुकापर्यंत जाते. मधली जागा त्या ओढीतून मोकळी राहते, आणि तिथे इंजेक्टर, बीओपी आणि ती हलवायला चौकटीतच बसवलेले विंच. मोटेचे दोन खांब, फक्त जमिनीत रोवायच्या ऐवजी वरून टांगलेले!

हुकावर वायूच्या दाबाचे भरपाई करणारे सिलिंडर असतात. जहाज वर गेले की ते हुकाला तेवढेच खाली सोडतात, जहाज खाली गेले की वर घेतात. डेकवरच्या माणसाला समोरची चौकट सतत वर-खाली होताना दिसते. खरे तर चौकट समुद्रतळाच्या हिशेबाने स्थिर असते, हलत असतो तो माणूस. डेकवरचे रीळ आणि स्थिर गूजनेक यांच्यातला फरक मधली नळी झोळ घेऊन सोसते.

या रचनेची भीती एकच: भरपाईचे सिलिंडर अडकले तर? मग लाटेची सारी उसळी रायझरवर येते आणि हातात काही सेकंद असतात. म्हणून पुढे चौकटीच्याच अंगात भरपाईचे दुसरे सिलिंडर बसवू लागले. हुकावरचे अडकले तर हे भार घेतात. वरचा आधार चुकेल हे गृहीत धरून दुसरा आधार करणे, याला मी या सगळ्या मागोव्यातली सर्वांत प्रौढ पायरी मानतो.

आपल्या किनाऱ्याशी या घराण्याचे नाते जवळचे आहे. १९७४ साली समुद्रात खणणाऱ्या ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथे पाणी साधारण पाऊणशे मीटर खोल, फलाट तळावर पाय रोवून उभे, त्यामुळे लाटेच्या भरपाईचे कोडे नाही. पण अनेक विहिरींचे फलाट लहान आहेत. त्यांच्यावर जागा थोडी आणि क्रेनची ताकद बेताची, त्यामुळे रीळ, इंजेक्टर आणि आधाराची चौकट यांची वजने किलो-किलोने मोजूनच काम आखावे लागते. न्हाव्याच्या धक्क्यावरून हे सामान बोटींवर चढते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल पाण्यातल्या विहिरी आल्यावर मात्र तळावरचे वेल्हेड आणि त्यांच्याबरोबर येणारी सगळी कोडी भारतातही आली.

नळी दर फेरीला सहा वेळा वाकते किंवा सरळ होते, तीन वेळा उतरताना, तीन वेळा चढताना. त्यातली प्रत्येक झीज आता संगणकात नोंदली जाते आणि हद्द जवळ आली की नळी बाद करतात. चौकटीच्या वाट्याला असले कौतुक नाही. तिच्या अंगावर एक छोटी पाटी असते: सुरक्षित भार किती टन आणि भारचाचणी शेवटची कधी झाली. उरण, पनवेल, अलिबागकडची जी मुले या कामावर जातात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की चौकटीखाली पाऊल टाकण्याआधी त्या पाटीवरची तारीख वाचा, आणि ती उलटून गेलेली असेल तर काम थांबवा.