वाद्यवृंदाचा धनी कोण?

पाश्चात्य संगीताविषयीं मराठींत जें थोडेंबहुत लिहिलें जातें, तें बहुधा रचनाकारांविषयीं, किंवा फार झालें तर संचालकांविषयीं असतें. बेथोव्हेनच्या बहिरेपणाची कथा आपल्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. परंतु त्याची नववी सिंफनी ऐकविण्यासाठीं जीं ऐंशी-नव्वद माणसें रंगमंचावर वाद्यें घेऊन बसतात, त्यांना पगार कोण देतो, कामावर ठेवतो कोण आणि काढतो कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रश्न रूक्ष आहे खरा. पण गेल्या पावणेदोनशें वर्षांतील मोठमोठ्या वाद्यवृंदांचीं बंडें, फाटाफुटी आणि संप पाहूं लागलें म्हणजे त्यांच्या मुळाशीं हाच प्रश्न आढळतो.

हा धंदाच मोठा विलक्षण आहे. गिरणींत नवें यंत्र आलें म्हणजे दहा माणसांचें काम दोघें करूं लागतात. वाद्यवृंदांत तशी सोय नाहीं. जी रचना शंभर वर्षांपूर्वीं ऐंशी वादकांनीं पाऊण तासांत वाजविली, ती आजहि ऐंशीच वादकांना पाऊण तासच वाजवावी लागते. मात्र त्यांच्या घरभाड्यानें आणि धान्यानें जगाबरोबर महाग होण्याचें थांबविलेलें नाहीं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं हें तत्त्व सविस्तर मांडलें. पण वादकांना तें पूर्वींपासून अनुभवानें ठाऊक होतें. केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर एवढा संसार चालत नाहीं. तूट कोणीतरी भरावी लागते, आणि तूट भरणारा फार काळ मुका राहत नाहीं.

१८४२ सालीं, एकमेकांशीं कांहीं संबंध नसतां, दोन शहरांत दोन वाद्यवृंद जन्मास आले. व्हिएन्नांत ऑटो निकोलाइ ह्या संचालकानें दरबारी ऑपेरागृहांतील वादकांना जमवून मैफली सुरू केल्या. न्यूयॉर्कमध्यें युरेली कोरेली हिल ह्या व्हायोलिनवादकानें आपल्या व्यवसायबंधूंची फिलहार्मोनिक सोसायटी उभारली. दोहोंचें तत्त्व एकच : वादक हेच धनी. सभासद कोणास करावें आणि संचालक कोण असावा हें त्यांनींच मतानें ठरवावें, आणि खर्च वजा जातां जें उरेल तें आपसांत वांटून घ्यावें.

न्यूयॉर्कची ही सहकारी मंडळी सदुसष्ट वर्षें टिकली; पण सभासदांचें पोट तिच्यावर कधींच भरलें नाहीं. वर्षाकाठीं कार्यक्रम मोजके; बाकीचे दिवस नाटकगृहांत, नाचाच्या समारंभांत आणि शिकवण्यांत घालवावे लागत. अखेर १९०९ सालीं मेरी शेल्डन ह्या बाईंच्या पुढाकारानें कांहीं धनिकांनीं तूट भरण्याची हमी घेतली, तिच्याबरोबर कारभारहि घेतला, आणि गुस्टाफ माहलर यांस संचालक नेमलें. एका हंगामांत कार्यक्रमांची संख्या दुपटीहून अधिक झाली. वादकांना नियमित वेतन मिळालें. मत मात्र गेलें.

तेंच तत्त्व व्हिएन्नांत आजतागाईत कसें जगलें? ह्याचें उत्तर व्हिएन्नाकरांच्या कलाप्रेमांत शोधण्याची आपली प्रवृत्ति असते, परंतु खरें उत्तर ऑपेरागृहाच्या पगारपत्रकांत आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा प्रत्येक सभासद हा ऑपेराचा नोकर असतो. तेथें त्याची चांचणी होते, तेथून त्याला वेतन मिळतें, तेथें कांहीं वर्षें काढल्यावर तो फिलहार्मोनिकच्या सभासदत्वासाठीं अर्ज करूं शकतो. म्हणजे पूर्वीं बादशहा आणि पुढें प्रजासत्ताक सरकार त्याला रात्रीच्या ऑपेरासाठीं पोसतें, आणि त्या भाकरीच्या बळावर तो रविवारच्या मैफलींत कोणाचाहि नोकर नसतो! ह्या दुहेरी व्यवस्थेंतून मोठे गमतीचे प्रसंग उद्भवत. १८९८ ते १९०१ ह्या काळांत माहलर फिलहार्मोनिकचे निवडून आलेले संचालक होते, आणि त्याच वेळीं ऑपेरागृहाचे अधिपतीहि होते. ऑपेरांत ज्यांच्यावर ते हुकूम गाजवीत, त्यांच्याच मतावर मैफलींतील त्यांचें आसन अवलंबून असे. १९३३ पासून तर ह्या मंडळीनें कायमचा संचालक ठेवण्याचेंच सोडून दिलें. जो येतो तो पाहुणा म्हणून येतो.

परंतु स्वराज्य म्हणजे न्याय, असें येथें समजूं नये. ज्यांच्या हातीं दार, ते तें आपल्यासारख्यांसाठींच उघडतात. १९३८ सालीं ऑस्ट्रिया हिटलरच्या घशांत गेला तेव्हां ज्यू सभासदांना काढून टाकण्यांत आलें. त्यांपैकीं कांहींचा पुढें छळछावण्यांत अंत झाला. आणि स्त्रियांना सभासदत्व मिळण्यास १९९७ साल उजाडावें लागलें. अ‍ॅना लेल्केस ह्या हार्पवादिनीनें त्यापूर्वीं वीस वर्षांहून अधिक काळ त्या मंचावर वाजविलें होतें. पण सभासदांच्या यादींत तिचें नांव नव्हतें. लोकशाहीनें चालणाऱ्या मंडळीची ही एक बाजू तिचे स्तुतिपाठक फारशी सांगत नाहींत.

बर्लिनची कथा बंडानें सुरू होते. बेंजामिन बिल्झे नांवाच्या बँडमास्तराच्या पदरीं कांहीं उत्तम वादक होते आणि पगार जेमतेम होता. १८८२ सालीं त्यानें त्यांना वॉर्साच्या दौऱ्यावर आगगाडीच्या चौथ्या वर्गानें पाठविण्याचें ठरविलें, आणि सुमारें पन्नास वादक बाहेर पडले. चौथा वर्ग हें निमित्त. अपमान जुना होता. आपल्या वाचकांना येथें १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांची आठवण व्हावी. बर्लिनकरांनींहि भागीदारीची कंपनी काढली, हान्स फॉन ब्यूलो, आर्थर निकिश, फुर्टवेंग्लर असे संचालक मिळविले, आणि कीर्ति पुष्कळ जोडली. ऑपेराचा पगार मात्र त्यांच्या पाठीशीं नव्हता. महायुद्धानंतरची महागाई आणि पुढील जागतिक मंदी यांनीं ती कंपनी दिवाळखोरीच्या कांठीं आणली, आणि १९३४ सालीं जर्मन सरकारनें वादकांचे भाग विकत घेतले. वाद्यवृंद गोबेल्सच्या खात्याखालीं गेला. पगार वाढले, युद्ध सुरू झाल्यावर लष्करी नोकरींतूनहि वादकांना सूट मिळाली. पहिला व्हायोलिनवादक शीमॉन गोल्डबर्ग हा ज्यू असल्यामुळें त्याला त्याच वर्षीं ती जागा सोडावी लागली. ज्यांनीं ती सुरक्षितता पत्करली त्यांना दूर बसून दोष देणें सोपें आहे. मला त्यांत बायकामुलांचे बाप दिसतात. पण रिकामी खुर्चीहि दिसते.

युद्धानंतर बर्लिन शहरानें खर्च उचलला आणि वादकांकडे मत परत आलें. त्या मताचा प्रताप हर्बर्ट फॉन कारायान यांनाहि पाहावा लागला. १९८२ सालीं त्यांनीं झाबीन मायर ह्या तरुण क्लॅरिनेटवादिनीस घेण्याचा आग्रह धरला. वादकांनीं ७३ विरुद्ध ४ मतांनीं नकार दिला. तिचा स्वर इतरांत मिसळत नाहीं, असें कारण त्यांनीं दिलें. ती स्त्री असल्यामुळेंच हें झालें, असें पुष्कळांस वाटलें. शेवटीं तीच निघून गेली. संचालकाच्या निवडीचा हक्क वादकांनीं आजहि सोडलेला नाहीं. २०१५ सालीं किरिल पेट्रेंको यांना त्यांनींच निवडलें.

लंडनमध्यें धनी होण्याची किंमत निराळ्या रीतीनें मोजली जाते. तेथें पूर्वीं बदली पाठविण्याची चाल होती. वादकानें एका कार्यक्रमाचा करार करावा, दरम्यान दुसरीकडे दोन शिलिंग अधिक मिळाले तर तिकडे जावें, आणि आपल्या जागीं बदली माणूस धाडावा; तालमीला एक, मैफलीला दुसराच! संचालकाच्या दृष्टीनें हा नुसता वैताग. पण ज्याला बांधून दिलेला पगार नाहीं त्याच्या दृष्टीनें घर चालविण्याची युक्ति. १९०४ सालीं हेन्री वुड आणि व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांनीं क्वीन्स हॉलमध्यें ही चाल बंद केली, तेव्हां चाळीसांहून अधिक वादकांनीं राजीनामे दिले आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा ही स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षीं ९ जूनला हान्स रिख्टर यांच्या संचालनाखालीं तिची पहिली मैफल झाली. (१९१२ सालीं ही मंडळी निकिशबरोबर अमेरिकेस निघाली, तेव्हां त्यांचीं तिकिटें आधीं ‘टायटॅनिक’ बोटीचीं काढलीं होतीं, दौऱ्याच्या तारखा बदलल्यानें सारे वांचले.) ह्या वाद्यवृंदाचे सभासद आजहि आपल्या संस्थेचे मालक आहेत, आणि आजहि त्यांना मासिक पगार नाहीं, जितकें वाजवावें तितकें मिळतें. आजारपण ज्याचें त्यानें सोसावें. पगार हवा असलेल्यांसाठीं १९३० सालीं बीबीसीनें स्वतःचा वाद्यवृंद काढला. तेथें वेतन नियमित, पण धनी बीबीसी. १९६४ सालीं वॉल्टर लेग यांनीं आपला फिलहार्मोनिया वाद्यवृंद स्थगित करण्याचें जाहीर केलें, तेव्हां त्यांच्या वादकांनींहि घरीं बसण्यापेक्षां मालकी पत्करून तो स्वतः चालविला.

ह्या सर्वांच्या अगदीं उलट टोंकाला बोस्टन आहे. हेन्री ली हिगिन्सन हे पेढीवाले तरुणपणीं व्हिएन्नांत संगीत शिकले होते. १८८१ सालीं त्यांनीं बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा एकट्याच्या थैलींतून उभा केला आणि १९१८ पर्यंत दरवर्षींची तूट स्वतः भरली. व्हिएन्नाचा नाद त्यांना हवा होता, व्हिएन्नाचें मतदान मात्र नको होतें. आठवड्यांतील ठराविक दिवस वादकांनीं दुसऱ्या कोणाच्या हाताखालीं वाजवूं नये, नाचाला साथ करूं नये, अशी त्यांची अट होती. गांवांत गहजब झाला, तरी ती अट राहिली. उदार माणूस, आणि उदारपणाइतकाच करडा. युनियनला त्यांनीं थारा दिला नाहीं, आणि त्यांच्या मागून आलेल्या विश्वस्तांनींहि तोच हट्ट चालविला. १९२० सालीं सुमारें तीस वादक बाहेर पडले तरी तो सुटला नाहीं. बोस्टनमध्यें युनियन आली ती १९४२ सालीं.

पुढें अमेरिकेंत सर्वत्र विश्वस्तमंडळ एका बाजूला आणि युनियन दुसऱ्या बाजूला अशी मांडणी झाली. तिचा लाभ मोठा झाला : १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या वादकांना प्रथमच वर्षाच्या बावन्न आठवड्यांचा करार मिळाला. पण आपले हिशेब वादकांना परक्यासारखे वाटूं लागले. २०११ सालीं फिलाडेल्फियाच्या नामांकित वाद्यवृंदानें दिवाळें काढलें; २०१२ च्या ऑक्टोबरांत मिनेसोटांत व्यवस्थापकांनीं टाळें ठोकलें, तें २०१४ च्या जानेवारींत निघालें. हार्वर्डचे रिचर्ड हॅकमन यांनीं चार देशांतील ७८ वाद्यवृंदांची पाहणी करून वादकांची तुलना इतर धंद्यांशीं केली, तेव्हां कामाविषयींच्या आंतरिक ओढींत वादक पहिले आले, आणि नोकरीच्या एकंदर समाधानांत सातवे, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्याहि किंचित् खालीं. ज्याला काम इतकें प्रिय त्याला नोकरी इतकी कडू लागावी, ह्याचें मला फारसें नवल वाटत नाहीं. लहानपणापासून एकट्यानें घोटलेली विद्या घेऊन तो तेथें येतो, आणि धनुष्य वर न्यावें कीं खालीं आणावें हेंहि दुसरा सांगतो.

ह्या कथेचा एक धागा मुंबईंत आहे. १९३५ सालीं मेहली मेहता ह्या पारशी व्हायोलिनवादकानें बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकलेले अनेक वादक त्या काळीं मुंबईंत होते. पण वाद्यवृंदाच्या मागें ना ऑपेरा, ना सरकार, ना हिगिन्सन. वादकांची भाकरी हॉटेलांतील बँडांत आणि पुढें सिनेमाच्या स्टुडिओंत होती. तेथें ध्वनिमुद्रणाच्या पाळीप्रमाणें पैसे मिळत. हजारों चित्रपटगीतांतील व्हायोलिनांचे ताफे ह्याच मंडळींचे. पडद्यावर त्यांचीं नांवें क्वचितच आलीं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचीं वाद्यें आलीं तेव्हां तें कामहि आटलें. स्वतः मेहलींना मुंबई सोडून मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदांत वादक म्हणून नोकरी धरावी लागली. त्यांचे चिरंजीव झुबिन हे व्हिएन्नांत शिकले, न्यूयॉर्कच्या विश्वस्तांचे १९७८ ते १९९१ पर्यंत संचालक होते, आणि वादकांच्याच मालकीच्या इस्रायल फिलहार्मोनिकची धुरा त्यांनीं २०१९ पर्यंत वाहिली. मुंबईंत पगारी वाद्यवृंद उभा राहिला तो २००६ सालीं, एनसीपीएच्या आश्रयानें. त्याच्या खुर्च्या भरण्यासाठीं मात्र कझाकस्तानाहून वादक आणावे लागले.