वाया जाणाऱ्या धुरातली ताकद

आज आपण फॉर्म्युला वनच्या इंजिनाचा इतिहास बघणार आहोत, पण वेगाच्या नाही, उष्णतेच्या अंगाने. पेट्रोलमधली सगळी ऊर्जा काही चाकांपर्यंत पोचत नाही. बरीचशी रेडिएटरमधून आणि धुरातून उष्णता होऊन निघून जाते. २०१३ पर्यंत धावलेल्या २.४ लिटर व्ही-८ इंजिनांची औष्णिक कार्यक्षमता मर्सिडीजच्या हिशोबाने सुमारे २९ टक्के होती. म्हणजे बघा, १०० रुपयांचं पेट्रोल भरलं, तर ७१ रुपये वाटेतच सांडले!

सांडलेलं वेचायची कल्पना तशी जुनी. १९७७ मध्ये रेनॉने सिल्व्हरस्टोनला टर्बो गाडी उतरवली. गरम धुराच्या झोतावर टर्बाइन फिरतं, ते काँप्रेसरला फिरवतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. अडचण अशी, की ॲक्सिलरेटर दाबला तरी टर्बाइनला वेग घ्यायला वेळ लागायचा. पुढे १९८९ पासून टर्बोवर बंदीच आली.

२०१४ मध्ये टर्बो परतला, १.६ लिटर व्ही-६ मध्ये. पण खरा बदल नियमात होता: तासाला १०० किलोपेक्षा जास्त इंधन इंजिनात सोडायचं नाही. आपण हिशोब करू. एका किलोत साधारण ४३ मेगाज्यूल धरले, तर जास्तीत जास्त सुमारे १२०० किलोवॉट हाती येतात. सगळ्यांना तेवढेच. मग जिंकायचं कसं? सांडणं कमी करून.

त्यासाठी दोन विद्युत यंत्रं होती. एक ब्रेक लावताना वीज बनवणारं; त्याची सुरुवात २००९ च्या ‘कर्स’पासून. दुसरं ‘एमजीयू-एच’, टर्बोच्याच दांड्याला जोडलेलं. धुराचा जोर असला की ते वीज बनवायचं, जोर कमी पडला की स्वतः टर्बोला फिरवायचं. रेनॉला छळणारी ती अडचण अशी सुटली. मर्सिडीजने २०१४ मध्ये १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या, आणि २०१७ मध्ये ब्रिक्सवर्थच्या कारखान्यात, चाचणीच्या यंत्रावर, ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं. म्हणजे तेवढ्याच इंधनातून सुमारे ६०० किलोवॉट!

पण २०१५ मध्ये परतलेल्या होंडाला याच यंत्राने बेजार केलं. ते महाग, बनवायला अवघड आणि रोजच्या गाड्यांना फारसं उपयोगी नाही, म्हणून नव्या कंपन्याही कचरत होत्या. अखेर २०२६ च्या नियमांतून ते गेलं. ब्रेकवरचं यंत्र मात्र १२० वरून ३५० किलोवॉटचं झालं.

टर्बो राहिला, पण धुरातून वीज काढणं थांबलं. वाचवण्याचा खर्च वाचलेल्यापेक्षा जड झाला, असा हा निकाल. तो बरोबर की चूक, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.