आनुई यांच्या बोधकथेतील ओक

ला फाँतेन यांच्या १६६८ च्या बोधकथासंग्रहात वादळापुढे वाकणारे लव्हाळे तगते, ताठ ओक उन्मळतो. फ्रेंच नाटककार जाँ आनुई यांनी १९६२ च्या ‘फाब्ल’ या संग्रहात हीच कथा नव्याने लिहिली. येथेही ओक पडतो, लव्हाळे त्याला हिणवते. परंतु मरणोन्मुख ओक आपले ओकपण सोडत नाही. जर्मन अंमल (१९४०-४४) सोसलेल्या देशात वाकणे हे निव्वळ शहाणपण उरले नव्हते. तथापि हा ओक म्हणजे नाझीविरोधी प्रतिकार, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. नाझीधार्जिणा लेखक रोबेर ब्राझियाक याचा देहदंड टळावा म्हणून १९४५ मध्ये आनुई यांनी सह्या गोळा केल्या होत्या. ६ फेब्रुवारीला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. मुक्तीनंतरच्या न्यायनिवाड्यांतील सूडबुद्धीवर आनुई यांनी ‘पोव्र बितोस’ (१९५६) या नाटकातही कोरडे ओढले आहेत.