तीन मुदतींचा शब्द

लोकप्रतिनिधीने खुर्चीवर बसावे तरी किती वर्षे? अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात नागरिकांनीच सह्या गोळा करून हा प्रश्न मतदानास लावला. १९९१ साली लोकांनी मुदतबंदी नाकारली. १९९२ मध्ये मात्र ती मंजूर झाली. १९६५ पासून प्रतिनिधिगृहात ठाण मांडून बसलेले सभापती टॉम फोली याविरुद्ध न्यायालयात गेले. आपल्याच मतदारांशी कज्जा! तो त्यांना भोवला. १९९४ मध्ये जॉर्ज नेदरकट नावाच्या वकिलाने त्यांना पाडले. खुद्द सभापतीच निवडणुकीत पडावा, असे १८६२ नंतर प्रथमच घडले. नेदरकटांनी शब्द दिला होता: तीनच मुदती. पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, काँग्रेसच्या सभासदांवरील राज्यांची मुदतबंदी रद्द केली. उरला तो नुसता शब्द. २००० साली नेदरकट चौथ्यांदा उभे राहिले आणि, गंमत पाहा, त्याच मतदारांनी त्यांना निवडूनही दिले!