संगणकाची वखार

सुरतेतील नवागाम-डिंडोली हा भाग खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांनी गजबजलेला आहे. मागाच्या खडखडाटावर संसार उभे करणाऱ्या अशा वस्त्यांतून आता संगणकाचाही प्रवेश झाला आहे; कोठे मुलांच्या अभ्यासासाठी, कोठे साडीवरील भरतकामाचे नमुने रेखाटण्यासाठी. यंत्र पुष्कळदा जुने असते आणि त्याची स्मृती बेताची. मग घरात एक प्रश्न निघतो: 'पेजिंग फाइल' या नावाने चकतीवर जी जागा अडून राहते, ती ठेवावी की मोकळी करून घ्यावी? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या मागे साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

सुरतेच्या माणसाला ही गोष्ट वखारीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास येथे वखार घातली, ती काही हौसेखातर नव्हे. पेढीवर जागा थोडी. नित्य लागणारा माल तेवढा हाताशी ठेवावयाचा आणि बाकीचा वखारीत. संगणकाची जलद स्मृती, म्हणजे रॅम, ही पेढी होय. चकती ही वखार. पेजिंग फाइल म्हणजे त्या वखारीत राखून ठेवलेला एक खण.

आरंभीच्या यंत्रांची पेढी किती लहान होती! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणक १९६० साली कामास लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने अवघे १० किलोबाइट. त्या काळी मोठे गणित स्मृतीत मावले नाही, तर त्याचे तुकडे पाडून ते आळीपाळीने आत-बाहेर नेण्याचा सारा खटाटोप आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागे.

हा भार यंत्राने स्वतः उचलावा, ही कल्पना इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्षात आणली. ७ डिसेंबर १९६२ रोजी तेथे 'अ‍ॅटलास' संगणकाचे उद्घाटन झाले. त्याच्या जलद स्मृतीत १६,३८४ शब्द होते, तर फिरत्या पिंपांवर ९८,३०४. यंत्र ५१२ शब्दांचे एकेक 'पान' करून पिंप व स्मृती यांच्यामध्ये आपले आपण ने-आण करी. लिहिणाऱ्याला मात्र ती सर्व एकच विशाल स्मृती वाटे.

तथापि वखार कितीही मोठी असली, तरी पेढी अगदीच तोकडी असेल तर हमालाची धावपळ मात्र वाढते. यंत्र पाने हलविण्यातच दमते आणि मूळ काम खोळंबते. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या दुखण्याचे निदान केले: चालू कामाला ज्या पानांची सतत गरज असते, तेवढी तरी स्मृतीत मावलीच पाहिजेत.

पुढे १९८५ साली इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकात पानांची सोय आली आणि १९९० च्या विंडोज ३.० पासून ही वखार घरगुती संगणकात रुळली.

आता मूळ प्रश्न. फाइल काढली म्हणजे चकतीकडील फेऱ्या थांबतात, हा समज खरा नव्हे. कार्यक्रमाच्या आज्ञांची पाने त्यांच्या मूळ फाइलीतून केव्हाही पुन्हा वाचता येतात. म्हणून ती स्मृतीतून खुशाल टाकली जातात. परंतु कार्यक्रमाने निर्माण केलेली माहिती ठेवावयास फाइलच नसेल, तर तासन् तास न लागणारी माहितीही रॅममध्ये ठाण मांडून बसते. पेढीवर पडीक माल साचतो आणि चालता माल बाहेर जातो!

याहून गंभीर गोष्ट अशी, की विंडोज कार्यक्रमांना जागेचे जे वचन देते, त्याची मर्यादा रॅम व पेजिंग फाइल यांच्या बेरजेइतकी असते. फाइल नसली की ती मर्यादा लवकर गाठली जाते. मग कार्यक्रम एकाएकी बंद पडू शकतो आणि न साठविलेला नमुना वा निबंध त्याच्याबरोबर जातो. दिवसभराची मेहनत वाया जाण्यापेक्षा चकतीवरील थोडी जागा देणे केव्हाही परवडते.

म्हणून सर्वसाधारण घरी ही फाइल असू द्यावी आणि तिचे आकारमान संगणकालाच ठरवू द्यावे. फिरत्या चकतीपेक्षा एसएसडी ही चकती पुष्कळ जलद. ती असल्यास फाइल तीवर ठेवणे उत्तम. इतके करूनही यंत्र सतत घुटमळत असेल, तर दोष वखारीचा नव्हे. पेढीच अपुरी आहे. अशा वेळी गाठीशी पैसा असेल तर रॅम वाढवावी. नसेल तर एका वेळी उघडावयाची कामे कमी करावीत. टिफ्रॅकच्या काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हीच काटकसर करावी लागत होती.