केंटकीतील लोकनियुक्त शांतता अधिकाऱ्यांची पूरक वेतन-पात्रता

अमेरिकेच्या केंटकी राज्यात पोलीस अधिकाऱ्यांना स्थानिक संस्थेकडून मिळणाऱ्या मूळ वेतनाखेरीज राज्य शासनाच्या निधीतून वार्षिक पूरक वेतन दिले जाते. शेरीफ आणि कॉन्स्टेबल हे मतदारांनी निवडून दिलेले अधिकारी या पूरक वेतनास कितपत पात्र आहेत, हा प्रश्न राज्याचा कायदा आणि राज्यघटना या दोहोंशी निगडित आहे. कायद्यानुसार घटनेने घालून दिलेले कमाल वेतन घेणारा शेरीफ व सर्व कॉन्स्टेबल या योजनेतून वगळलेले आहेत. शेरीफच्या हाताखालील डेप्युटी शेरीफ मात्र अटी पूर्ण केल्यास पात्र ठरतात.

पदांचे स्वरूप

केंटकीत १२० काउंटी असून प्रत्येक काउंटीत शेरीफची निवड चार वर्षांसाठी थेट मतदानाने होते. कायदा व सुव्यवस्था राखणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे, न्यायालयाची सुरक्षा पाहणे आणि मालमत्ता कर वसूल करणे ही त्याची प्रमुख कामे होत. कॉन्स्टेबल हेही घटनेत नमूद केलेले निवडणुकीचे पद आहे. भारतीय पोलीस दलातील शिपाई या अर्थाने हा शब्द येथे वापरला जात नाही. महाराष्ट्रातील पोलीस पाटलाची नेमणूक शासन करते. केंटकीतील ही दोन्ही पदे मात्र मतदारांच्या कौलावर अवलंबून असतात.

पूरक वेतनाची योजना

ही योजना १९७२ साली सुरू झाली. तिचा निधी ‘केंटकी लॉ एन्फोर्समेंट फाउंडेशन प्रोग्राम फंड’ या नावाने ओळखला जातो. आयुर्विमा व आरोग्यविमा सोडून अन्य विम्यांच्या हप्त्यांवर आकारला जाणारा अधिभार हा त्याचा मुख्य स्रोत आहे. पूरक वेतनाची रक्कम वेळोवेळी वाढत गेली. पूर्वी ती वर्षाला ४,००० डॉलर होती. २०२२ च्या अंदाजपत्रकाने ती ४,३०० डॉलर झाली.

राज्य शासन ही रक्कम शहर किंवा काउंटीच्या हाती देते आणि ती संस्था अधिकाऱ्याला पोहोचवते. राज्याचे पैसे मिळतात म्हणून स्थानिक संस्थेने मूळ वेतनात कपात करू नये, असा निर्बंध आहे. पोलिसांची शैक्षणिक व व्यावसायिक पातळी उंचावणे हा योजनेचा हेतू असल्याने किमान शालेय शिक्षण, मान्यताप्राप्त मूलभूत प्रशिक्षण आणि दरवर्षी ४० तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण या अटी घातलेल्या आहेत.

शेरीफ : घटनात्मक मर्यादा

पूरक वेतनासाठी कायद्याने ‘पोलीस अधिकारी’ या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तीत शेरीफचा सरसकट निषेध नाही. आपल्या पदासाठी घटनेने ठरवलेले कमाल वेतन घेणारा शेरीफ तेवढा वगळला आहे. या अपवादाचे मूळ राज्यघटनेच्या कलम २४६ मध्ये सापडते. १९४९ च्या दुरुस्तीनुसार या कलमाने सार्वजनिक अधिकाऱ्यांच्या वार्षिक मोबदल्यावर मर्यादा घातली. संपूर्ण राज्यभर अधिकारक्षेत्र असलेल्या अधिकाऱ्यांसाठी ती १२,००० डॉलर, सर्किट न्यायाधीशांसाठी ८,४०० डॉलर आणि शेरीफसह इतरांसाठी ७,२०० डॉलर अशी होती.

महागाई वाढत गेली तशी ही मर्यादा अव्यवहार्य ठरू लागली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मधील ‘मॅथ्यूज विरुद्ध ॲलन’ या न्यायाधीशांच्या वेतनासंबंधीच्या खटल्यात घटनेतील डॉलरचा अर्थ १९४९ मधील त्याच्या क्रयशक्तीनुसार लावता येतो, असे ठरवले. १९६५ मधील ‘कॉमनवेल्थ विरुद्ध हेश’ या खटल्यात हेच तत्त्व इतर अधिकाऱ्यांनाही लागू झाले. ‘रबरी डॉलर’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दरवर्षी नवी मर्यादा काढली जाते. काउंटीची लोकसंख्या व पदावरील अनुभव यांवरून शेरीफचे वेतन निश्चित होते.

याच कलमात कायदेशीररीत्या नेमलेल्या सहायकांचा मोबदला अधिकाऱ्याच्या मर्यादेत धरू नये, असे म्हटले आहे. म्हणून शेरीफचे वेतन कमाल मर्यादेला भिडले असले तरी डेप्युटीच्या पूरक वेतनाला त्यामुळे बाध येत नाही. परिणामी एकाच कार्यालयात हाताखालच्या माणसाला लाभ मिळतो आणि प्रमुखाला मिळत नाही, अशी स्थिती उद्भवते. मात्र वर्षाला ४० तासांचे विहित प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या शेरीफसह काही काउंटी अधिकाऱ्यांना कायद्याने वेगळी प्रोत्साहन रक्कम ठेवली आहे.

कॉन्स्टेबल व प्रशिक्षणाचा प्रश्न

कॉन्स्टेबल, डेप्युटी कॉन्स्टेबल आणि विशेष डेप्युटी शेरीफ यांना व्याख्येतून नाव घेऊन वगळले आहे. कॉन्स्टेबलांचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी हुकूम बजावण्याच्या शुल्कावर चालते. घटनेने या पदासाठी प्रशिक्षणाची अट घातलेली नाही. पूरक वेतन हे प्रशिक्षित पोलिसांसाठी असल्याने दोहोंचा मेळ बसत नाही. २०२२ च्या कायद्याने या विषयाला नवे वळण दिले : १ जानेवारी २०२३ नंतर प्रथमच पदावर येणाऱ्या कॉन्स्टेबलकडे पोलीस प्रमाणपत्र नसेल, तर त्याला शांतता अधिकाऱ्याचे सर्वसाधारण अधिकार मिळत नाहीत.

अन्य राज्ये

सर्वच राज्यांचे धोरण असे नाही. लुईझियानात निवडून आलेल्या कॉन्स्टेबलांना राज्य शासनाकडून अल्प मासिक पूरक रक्कम मिळते. तेथील नेमलेल्या पोलिसांच्या पूरक वेतनाच्या तुलनेत ती बरीच कमी आहे.

महत्त्व

लोकनियुक्त अधिकाऱ्याचे वेतन घटनेने मर्यादित केल्यास त्याच्या अधिकाराचा उपयोग स्वतःचे उत्पन्न वाढवण्यासाठी होत नाही, ही या व्यवस्थेमागची भूमिका आहे. दुसऱ्या बाजूने, शेरीफ प्रशिक्षित पोलिसासारखेच धोक्याचे काम करतो. मग केवळ निवडणुकीने पद मिळाले म्हणून त्याला लाभ नाकारावा का, असा प्रश्न उरतो. केंटकीच्या कायद्याने पदाचे नाव पाहून नव्हे, तर वेतनाची मर्यादा आणि प्रशिक्षण या दोन निकषांवर त्याचे उत्तर दिले आहे.