केलियातली दुपार

इसवी सन ३९५. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, नाईलची हिरवळ संपून वाळू सुरू होते तिथं केलिया ही ख्रिस्ती साधूंची वस्ती आहे. तिथल्या एका मातीच्या खोलीत तुम्ही मांडी घालून बसलाय. शेजारच्या साधूची खोली इतकी लांब, की त्याचं खोकणंही ऐकू येऊ नये. खोल्या मुद्दामच तशा बांधल्यात. माणसाचं तोंड दिसायचं ते शनिवार-रविवारी, चर्चमध्ये.

मांडीवर खजुराच्या पातीच्या पट्ट्या आहेत, पाण्यात भिजवून मऊ केलेल्या. एक खालून घ्यायची, दुसरी वरून, मग करकचून ओढायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. ओठांवर स्तोत्र. ते संपलं की उठायचं, हात पसरून गप्प उभं राहायचं, जमिनीवर पालथं पडायचं, पुन्हा उठून बसायचं. पुन्हा पट्टी.

सकाळी हे झकास चाललं होतं. आता ऊन डोक्यावर आलंय आणि सूर्य जागचा हलत नाही. तीन वाजेपर्यंत जेवण नाही, आणि जेवण म्हणजे पाण्यात बुडवल्याशिवाय दात न लागणारा वाळका पाव. तुम्ही खिडकीशी जाता, सावली किती सरकली ते बघता. सरकलेली नाही. मग डोकं चालू लागतं: इथली माणसंच कोरडी. पलीकडचा म्हातारा आजारी आहे, त्याला बघून यावं, पुण्याचंच काम. घरी आई कशी असेल? आणि देव काय, कुठंही भेटतो, त्यासाठी हीच खोली कशाला?

हात मोबाइलसाठी खिशाकडे गेला ना? खिसाच नाही.

या त्रासाला इथं नाव आहे: अकेडिया, दुपारचं भूत. केलियातच राहणाऱ्या इव्हाग्रियसने त्याची लक्षणं वैद्यासारखी टिपलीत. हा एके काळी कॉन्स्टँटिनोपलमधला डीकन. एका विवाहितेत जीव गुंतला, म्हणून शहर सोडून पळाला. आता पुस्तकांच्या नकला करून पोट भरतो. माणसाला छळणारे आठ विचार त्याने मांडले, त्यांत सगळ्यांत जड हाच. थांबलं की शांती मिळते, असं आज रिट्रीटला जाणाऱ्यांना वाटतं. आधी मिळते ती ही कटकट, आणि खोली असते ती तिच्याचसाठी.

दारात अब्बा, तुमचे गुरू, उभे.

“अब्बा, त्या आजारी म्हाताऱ्याला भेटून येऊ?”

“त्याच्याजवळ माणूस आहे. तू शनिवारी जा.”

“तोवर?”

“पट्ट्या सुकल्यात. भिजव.”

मग ते अब्बा पौलांची गोष्ट सांगतात. त्यांच्या वाळवंटापासून बाजार सात दिवसांच्या वाटेवर. विणलेलं विकलं, तर त्या पैशांतून ते नेण्याचं भाडंही सुटायचं नाही. तरी पौल रोज ठरलेलं काम हातावेगळं करतात. वर्षभरात गुहा भरली की सगळं पेटवून देतात आणि पुन्हा कामाला लागतात.

सात दिवसांची वाट! तुमचे डोळे चमकतात: अशा माणसाला एकदा भेटून यायलाच हवं.

अब्बा पाण्याचं भांडं पायाने तुमच्याकडे सरकवतात.